वेग उधार देऊ नकोस

कांदा-बटाटा मार्केट, एपीएमसी, तुर्भे
मंगळवार, रात्र

चि. सायली,

रविवारी टेबल टेनिसची मॅच हरल्यावर तू बॅट पिशवीत कोंबलीस आणि 'तिच्या बॅटलाच काहीतरी आहे' एवढं बोलून घरापर्यंत गप्प बसलीस. तुझं म्हणणं बरोबर आहे. समोरच्या मुलीच्या बॅकहँडला शॉर्ट पिंपल रबर होतं. पण गॅलरीतून 'मार, अजून जोरात मार' असं ओरडणारा मीच होतो. तो सल्ला परत घेतो.

नाशिकच्या गाड्या अजून आलेल्या नाहीत, गाळ्यावर शांतता आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी तरुण असताना गाळ्याच्या मागे गोण्या सरकवून आम्ही टेबल लावायचो. मसाला मार्केटातले एक मेहताजी खेळायला यायचे. त्यांच्या बॅटवर अंगठा फिरवला की मोहरी चिकटवल्यासारखे दाणे लागायचे. आमची गुळगुळीत रबरं कांद्याच्या धुळीनं दहा मिनिटांत निसरडी व्हायची, त्यांच्या दाण्यांना त्याचं सोयरसुतक नसे. वय पन्नाशीपुढचं, पोट सुटलेलं, टेबल सोडून हातभरही मागे जायचे नाहीत. मी जितकं जोरात मारावं तितकंच जोरात परत. दोन वर्षं हरलो. एकदा अंगात ताप होता, हातात जोरच नव्हता, तसाच खेळलो आणि त्या दिवशी पहिला गेम जिंकला. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला: हे गृहस्थ आजवर माझ्याच भांडवलावर धंदा करत होते.

या रबराचे दाणे बाहेर, आखूड आणि रुंद. चेंडू त्यावर टेकतो न टेकतो तोच सुटतो. त्यामुळे तुझी फिरकी त्याला फारशी लागत नाही आणि त्यालाही चेंडू फारसा फिरवता येत नाही. तुझ्या टॉपस्पिनला तिनं ब्लॉक केलं की चेंडू सपाट येतो आणि टप्प्यानंतर किंचित बसतो. तू नेहमीसारखी बॅट झाकून वरून फिरवलीस, म्हणून तो नेटमध्ये गेला. उलट तू खालून कापलेला चेंडू तिनं नुसता ढकलला, की तो कापलेला दिसतो, पण त्यात काप जवळजवळ नसतोच. तो तू जीव तोडून उचललास आणि टेबलाबाहेर घालवलास. व्हिडिओ बघ, तुझे निम्मे पॉइंट या दोन चुकांतच गेले आहेत. पहिल्याला बॅट थोडी उघडी ठेवून पुढे जात उचल, दुसऱ्याला मोकळा चेंडू समजून सरळ खेळ.

आता तिला काय द्यायचं? कंबरेच्या उंचीचा, एकाच लयीतला जलद चेंडू तिला जेवणाचं ताट. तो बंद कर. लांब, बुटकी, भरपूर कापलेली सर्व्हिस तिच्या बॅकहँडला घाल. असा चेंडू सपाट मारायला गेलं की नेटमध्ये जायची भीती, आणि दाण्यांनी तो वळवून उचलणं त्याहून अवघड. मग हळू पण खूप फिरणारा लूप, अगदी शेवटच्या रेषेजवळ. हा मधेच आखूड पडला तर ती तुला फाडून खाईल, तेव्हा तो खोल पडेपर्यंत सराव कर. अधूनमधून त्याच हालचालीतून बिनफिरकीचा चेंडू सोड. जागा म्हणशील तर तिचं उजवं कोपर. फोरहँडनं घ्यावा की बॅकहँडनं, हे ठरवायला तिला जो क्षण लागतो तो तुझा. त्यानंतरचा चेंडू लांब फोरहँडच्या कोपऱ्यात, म्हणजे तिला टेबल सोडावंच लागेल.

आमच्याकडे फळ मार्केटात आंब्याचा भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा. टेबल टेनिसात तो रुमाल चालत नाही. मॅच सुरू होण्याआधी समोरच्याची बॅट बघायला मागणं हा तुझा हक्क आहे. रविवारी तू लाजलीस. दाणे कोणत्या रंगाच्या बाजूला आहेत ते पाठ करूनच उभी राहा, कारण बॅट हातात फिरवून बाजू बदलणारेही असतात.

तुला वाटेल हे रबर जुनाट. 1987 साली दिल्लीत वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, तिच्या फायनलमध्ये चीनच्या जियांग जियालियांगनं याच दाण्यांनी स्वीडनच्या वाल्डनरला हरवलं. जपानच्या मिमा इतोच्या बॅकहँडला आजही हेच असतं. पण मला जास्त आवडते ती आपल्या मुंबईची 1952 ची गोष्ट. तेव्हा बहुतेक सगळे बिनस्पंजच्या दाणेदार रबरानं खेळायचे, ठक-ठक आवाजावरून फटका ओळखायचे. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन आला. आवाजच येईना, भल्याभल्यांचा अंदाज चुकला आणि तो वर्ल्ड चॅम्पियन झाला. पुन्हा कधी तो किताब त्याला मिळाला नाही. म्हणजे अनोळखीपण गेलं की बॅटची निम्मी जादू संपते. तुझी या दाण्यांशी ओळख व्हायचीच राहिली आहे, एवढंच.

आणि हो, अटीतटीच्या वेळी एक मिनिटाचा टाइम-आउट हाताशी असतो. तू तो एकदाही घेतला नाहीस. 5-9 वर असताना घाम पुसत घाईघाईनं सर्व्हिस करत होतीस. दहा तोंडांनी घाई करणारं गिऱ्हाईक समोर आलं की जुना अडत्या पहिल्यांदा चहा मागवतो, मग तोंड उघडतो. ते बघायला एकदा पहाटे लिलावाला ये.

मी शॉर्ट पिंपलचं रबर आणून माझ्या जुन्या बॅटवर चिकटवलंय. रविवारी मार्केट बंद असतं, गाळा रिकामा असतो. दुपारी 3 वाजता ये, येताना तुझी बॅट आणि जुने बूट आण. नवे नको, जमिनीवर कांद्याची सालं असतात.

तुझा,
मामा