घर सजवण्याआधी घराची वही : इंटिरियर डिझायनरबरोबर काम करताना



मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्या मुलुंडमध्ये जिकडे तिकडे ड्रिल मशीनचा आवाज सुरू होतो. कुणाला पुनर्विकासात नव्या घराचा ताबा मिळालेला असतो, कुणी जुना ओटा तोडून नवा बसवत असतं. पूर्वी अशा वेळी ओळखीचा सुतार यायचा, कपाटाचं माप घ्यायचा आणि कामाला लागायचा. आता बरीच कुटुंबं इंटिरियर डिझायनर नेमतात. त्यात वर्षानुवर्षांची बचत जाते. पण डिझायनरशी नेमकं बोलायचं काय, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. आजचा पाठ त्याबद्दल आहे. शेवटी सहावी ते नववीच्या वर्गात घेता येईल असा एक उपक्रमही दिला आहे.

१. कोण काय करतं?

सुरुवातीला तीन माणसांमधला फरक समजून घेऊ. आर्किटेक्ट म्हणजे वास्तुविशारद. १९७२ च्या कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्या व्यक्तीलाच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येतं. इंटिरियर डिझायनरसाठी अशी सक्तीची सरकारी नोंदणी नाही. म्हणून त्याचं शिक्षण, त्याने केलेली घरं आणि त्या घरांत आज राहणारी माणसं यांची चौकशी आपणच करायची. तिसरा कंत्राटदार. तो सुतार, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, रंगारी आणून काम करून घेतो. कधी डिझायनरच कंत्राटही घेतो. तसं असेल तर कामावर देखरेख कोण ठेवणार, हे आधी विचारून घ्यावं.

२. आमच्या घराची गोष्ट

पुनर्विकासानंतर आम्हाला ३८० चौरस फूट कार्पेट एरियाचं घर मिळालं. राहणारे चौघं : आम्ही दोघं, नववीतली मुलगी आणि ७६ वर्षांच्या सासूबाई. डिझायनर मॅडम तरुण आणि कामाला चोख होत्या. त्यांनी विचारलं, "कशा स्टाईलचं घर हवंय?" आम्ही मोबाइलमधले फोटो दाखवले. एकाकडची फॉल्स सीलिंग, दुसरीकडचा एल आकाराचा सोफा, तिसरीकडचं टीव्ही युनिट. आठवड्याने त्यांनी चित्रं पाठवली. घर अगदी मासिकातल्यासारखं दिसत होतं. आम्ही दोघं खूश झालो.

रात्री मुलीने ती चित्रं आजीला दाखवली. आईंनी चष्मा लावून एकेक चित्र नीट पाहिलं आणि विचारलं, "छान आहे गं. पण यात मी कुठे झोपते?"

आम्ही गप्प झालो. आई वर्षानुवर्षं हॉलमधल्या दिवाणावर झोपतात. चित्रात दिवाणच नव्हता. यात मॅडमची काय चूक? त्यांना आम्ही लोकांच्या घरांचे फोटो दिले होते, आमच्या घरातली माणसं सांगितलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना फोन करून काम थांबवायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताई, आठ दिवस घरात कोण, किती वाजता, कुठे, काय करतं ते लिहून द्या. मग नव्याने बसू." मुलीने जुन्या वहीची कोरी पानं घेतली आणि लिहायला लागली. त्या वहीत निघालेल्या काही गोष्टी अशा :

- आजी रात्री दोनदा बाथरूमला उठते. दिवा लावायचं बटण दाराच्या पलीकडे आहे, म्हणून भिंत चाचपडत जाते.
- हॉलमध्ये टीव्ही चालू असतो, म्हणून मी साडेनऊ ते अकरा स्वयंपाकाच्या ओट्यावर अभ्यास करते.
- आई पलंगावर बसून वह्या तपासते आणि मग कंबर दुखते म्हणते.
- पावसाळ्यात कपडे हॉलमध्ये पंख्याखाली वाळतात. पाहुणे आले की पळापळ होते.
- गणपतीत दीड दिवस टीव्ही काढून त्या जागी मखर बसतं.
- गावाहून कुणी आलं की गाद्या कपाटावरून काढाव्या लागतात. बाबांना स्टुलावर चढावं लागतं.

हे सगळं आम्ही रोज पाहत होतो, पण कधी मोजलं नव्हतं. वही वाचून मॅडमनी नवा नकाशा काढला. छत आधीच साडेनऊ फुटांवर, म्हणून फॉल्स सीलिंग रद्द झाली. बाथरूमजवळच्या भिंतीला आईंचा दिवाण आला, त्याच्या पोटात गाद्या. उशाशी हात पोचेल असं बटण आणि जमिनीलगत मंद दिवा. बेडरूमच्या खिडकीपाशी भिंतीला लावलेलं घडीचं टेबल : संध्याकाळी माझ्या वह्या, रात्री मुलीचा अभ्यास. टीव्ही युनिटऐवजी बुटकं चाकांचं कपाट, म्हणजे मखराला जागा मोकळी. हॉलच्या खिडकीजवळ दोरीने वर-खाली होणारं कपडे वाळवायचं स्टँड. ओट्याची उंचीही बदलली. माझी उंची चार फूट दहा इंच. हात कोपरात दुमडून उभी राहिले तर कोपर ३६ इंचांवर येतं. ओटा त्याच्या साधारण चार इंच खाली, म्हणजे ३२ इंचांवर घेतला. आता पोळ्या लाटताना खांदे उचलावे लागत नाहीत.

एक चूक मात्र राहिली, ती माझ्या हट्टाची. कपाटांना चकचकीत पांढरं लॅमिनेट मीच घ्यायला लावलं. मॅडमनी दोनदा नको म्हटलं होतं. आता रोज बोटांचे डाग पुसते. जाणकाराचा सल्ला कुठे ऐकायचा, तेही शिकावं लागतं.

३. शंभर वर्षांपूर्वीचा धडा

माणसाचं काम पाहून मग जागा आखायची, ही कल्पना आजची नाही. १९२६ मध्ये मार्गारेटे श्युट-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या महिला आर्किटेक्टने जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहराच्या गृहयोजनेसाठी एक स्वयंपाकघर आखलं. ते साधारण १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब, म्हणजे जेमतेम ७० चौरस फूट. आपल्या उपनगरांतल्या स्वयंपाकघरांएवढंच! कोणत्या कामाला किती पावलं आणि किती वेळ लागतो याचा विचार करून, रेल्वेच्या डब्यातल्या स्वयंपाकघराचा आदर्श ठेवून तिने प्रत्येक वस्तूची जागा ठरवली. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. आजच्या मॉड्युलर किचनचं मूळ तिथे सापडतं.

पण त्यावर टीकाही झाली. जागा एकाच व्यक्तीपुरती होती. मदतीला दुसरं कुणी उभं राहू शकत नव्हतं, त्यामुळे बाई आत एकटी पडायची. ते आखेपर्यंत आपण कधी स्वयंपाक केला नव्हता, असं पुढे खुद्द आर्किटेक्टनेच सांगितलं होतं. जाणकार कितीही हुशार असला तरी त्या घरात राहणाऱ्याने बोललंच पाहिजे, ते यासाठी.

४. भिंत तोडण्याआधी

आम्हाला स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत काढायची होती. कंत्राटदार म्हणाला, "एका दिवसात उडवतो, कुणाला कळणारपण नाही." मॅडमनी ठाम नकार दिला. त्या म्हणाल्या, "इमारतीचा स्ट्रक्चरल नकाशा आणि सोसायटीचं पत्र आल्याशिवाय हातोडा लागणार नाही." नकाशा पाहिला तर त्या भिंतीच्या कडेलाच खांब होता. भिंत राहिली. तेव्हा मला राग आला होता, आज नाही.

घाटकोपरची घटना आपल्या लक्षात असेल. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर पश्चिमेला दामोदर पार्क भागातली चार मजली इमारत कोसळली आणि १७ जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम सुरू होतं आणि त्यात खांबांना धक्का लागला, असा आरोप रहिवाशांनी केला. आपल्या घराचे खांब आणि तुळया आपल्या एकट्याच्या नसतात. वरच्या-खालच्या सगळ्या घरांचा भार त्यांच्यावर असतो. म्हणून भिंत काढणं, बाथरूमची जागा हलवणं अशा कामांत लेखी परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला हवाच. "चालतंय हो" म्हणणाऱ्यावर विसंबू नये.

५. कागदावर काय घ्यावं?

तोंडी ठरलेलं काम अर्ध्यावर भांडणात जातं. म्हणून एवढं तरी लेखी घ्यावं :

- कामाची खोलीवार यादी आणि प्रत्येकाचा दर. यादीबाहेरचं काम आपण लेखी हो म्हटल्यावरच.
- फी कशी : चौरस फुटावर, टक्क्यांत की एकरकमी? नकाशात किती वेळा बदल फीमध्ये बसतात?
- सामानाचा दर्जा. सिंकखालच्या ओल्या जागी आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लायवुड, इतर कपाटांना आयएस ३०३ चालतं. शिक्का स्वतः पाहावा.
- पैसे टप्प्याटप्प्याने. शेवटचा हप्ता सगळी दारं-ड्रॉवर उघडून पाहिल्यावरच.
- राडारोडा कोण उचलणार? सोसायटीची कामाची वेळ कोण पाळणार?

६. वर्गासाठी उपक्रम : एक सेंटिमीटर = एक फूट

गणित, भूगोलातलं प्रमाण आणि मराठीतलं निरीक्षण-लेखन यांचा मेळ इथे घालता येतो. चौकटीच्या कागदावर १ सेंटिमीटर = १ फूट असं प्रमाण घेऊन खोली काढायची. सामानाचे तुकडे त्याच प्रमाणात कापून खोलीत मांडायचे.

सरावासाठी प्रश्न :

१. हॉल १४ × १०, बेडरूम ११ × १०, स्वयंपाकघर ९ × ७ फूट. बाथरूम-संडास ३२ आणि पॅसेज २० चौरस फूट. बेरीज किती? (उत्तर : ३६५.) मग कार्पेट एरिया ३८० कसा? २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे आतल्या भिंतींखालची जागा कार्पेट एरियात धरतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत.

२. बेडरूममध्ये पलंग ६ × ५, कपाट ६ × २, टेबल ३ × २ फूट. मोकळी जागा किती? (उत्तर : ६२ चौरस फूट.) पुढचा प्रश्न : कपाटाचं दार उघडून पाहा, माणूस उभा राहतो का?

३. काम ५,००,००० रुपयांचं, फी ८ टक्के, फीवर जीएसटी १८ टक्के. एकूण फी किती? (उत्तर : ४७,२०० रुपये.)

४. आजी-आजोबा, आई-बाबा किंवा शेजारी यांपैकी एकाचा दिवस पाहून दहा ओळी लिहा. त्यांना घरात कुठे अडचण होते?

शिक्षकांना एक विनंती. सगळ्या मुलांना स्वतःच्या घराचा नकाशा वर्गात दाखवायला लावू नका. आपल्या वर्गात टॉवरमधली मुलं असतात आणि एका खोलीत पाच-सहा जण राहणारीही असतात. वर्गखोली किंवा दिलेला नमुना निवडायची मोकळीक ठेवा.

मी ती मोकळीक दिली होती. तरी एका मुलाने स्वतःची दहा बाय बाराची खोलीच निवडली, आणि तिचे तीन नकाशे काढले : सकाळ, दुपार, रात्र. सकाळी जिथे आई डबे भरते, दुपारी तिथेच ती शिलाई मशीन ओढून बसते, रात्री तिथेच त्याची आणि भावाची गादी. खाली त्याने लिहिलं होतं, "मशीन भिंतीकडे वळवली तर आईच्या पाठीमागे दिवा येणार नाही." पुढच्या आठवड्यात त्यांनी मशीन खरंच वळवली. खर्च शून्य.

आपण डिझायनर नेमू किंवा नेमणार नाही. घरात एक वही ठेवून आठ दिवस लिहायला मात्र काहीच हरकत नाही. तुमच्या वर्गात किंवा घरी हा उपक्रम केलात तर वहीत काय निघालं ते जरूर कळवा.