सूक्ष्मदर्शकातून छायाचित्रण : केळीचे पान आणि कापसाचा तंतू

काही वर्षांपूर्वी रावेर तालुक्यातील एका गावी केळी उत्पादकांचा मेळावा भरला होता. त्यानिमित्त मांडलेल्या प्रदर्शनासाठी करपा रोगाची माहिती देणारे फलक तयार करण्याचे काम माझ्याकडे होते. करपा ज्या बुरशीमुळे होतो तिच्या बीजाणूचे, सूक्ष्मदर्शकातून घेतलेले एक छायाचित्र मला मिळाले. ते मी चार फूट रुंदीच्या फलकावर छापून घेतले आणि खाली मजकूर दिला : ‘करप्याचा बीजाणू – ४०० पट मोठा’. फलक देखणा झाला. लोक थांबून पाहत होते. दुपारी एक वयस्क शेतकरी बराच वेळ त्यापुढे उभे राहिले. त्यांनी बीजाणूवर हाताची वीत ठेवून पाहिली आणि मला म्हणाले, “साहेब, हा वीतभर भरतो. चारशेने भागला तर अर्धा मिलिमीटर होतो. म्हणजे खसखशीच्या अर्ध्या दाण्याएवढा. मग पानावर तो मला नुसत्या डोळ्यांनी का दिसत नाही?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी कला शाखेचा पदवीधर. दिलेला आकडा मी जसाच्या तसा छापला होता. पुढे जळगावच्या एका महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी उलगडा केला. सूक्ष्मदर्शकाचे वस्तुभिंग ४० पटींचे आणि नेत्रभिंग १० पटींचे असेल, तर डोळ्याला दिसणारी प्रतिमा ४०० पट मोठी असते. परंतु तेच चित्र कागदावर किंवा फलकावर छापताना आणखी मोठे होते आणि मूळ आकड्याला अर्थ उरत नाही. तो बीजाणू प्रत्यक्षात सुमारे ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग लांब होता. फलकावर तो २० सेंटिमीटर झाला होता. म्हणजे वाढ ४०० पट नव्हे, ४,००० पट होती. शेतकऱ्याचे गणित बरोबर होते. चूक माझ्या मजकुरात होती.

त्यानंतर मी सवड मिळेल तशी ही विद्या समजून घेत गेलो. शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना आणि जिज्ञासू शेतकऱ्यांना उपयोगी पडेल असा त्यातील भाग येथे देत आहे.

छायाचित्रणाचा आणि सूक्ष्मदर्शकाचा संबंध नवा नाही. छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक असलेल्या विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८३९-४० च्या सुमारासच वनस्पतींच्या पातळ छेदांची अशी चित्रे घेतली होती. रॉबर्ट कॉख यांनी १८७७ मध्ये जीवाणूंची छायाचित्रे प्रसिद्ध केली, ती मात्र वेगळ्या हेतूने. चित्रकार नकळत स्वतःची समजूत चित्रात घालतो. प्रकाश तसे करीत नाही, असे त्यांना वाटत होते. हे पुष्कळसे खरे असले तरी पुरते खरे नाही, हे पुढे दिसेलच.

नमुना आणि प्रकाश

चांगले चित्र कॅमेऱ्यात नव्हे, काचपट्टीवर तयार होते. प्रकाश आरपार जाईल इतका नमुना पातळ हवा. पानाचा किंवा देठाचा तुकडा गाजराच्या फाकेत धरून नव्या पात्याने एकामागून एक वीस-पंचवीस काप घ्यावेत, पाण्यात सोडावेत आणि त्यांतील सर्वांत पातळ काप निवडावा. पहिल्याच कापावर समाधान मानणारा विद्यार्थी सहसा धूसर चित्र घेऊन परततो. सॅफ्रानिनचा एक थेंब दिला की जलवाहिन्यांच्या काष्ठमय भिंती लाल उठून दिसतात. पर्णरंध्रे पाहावयाची असतील तर काप घेण्याचीही गरज नाही. पानाच्या खालच्या बाजूस नखांना लावायचे रंगहीन पॉलिश पातळ लावावे, वाळल्यावर पारदर्शक चिकटपट्टीने उचलावे आणि तो ठसा काचपट्टीवर चिकटवावा. पर्णरंध्रांची आकृती त्यात जशीच्या तशी उतरते.

आमच्या खानदेशात याला एक स्थानिक अडचण आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा आच्छादन-काचेखालचे पाणी पाहता पाहता आटते आणि पेशी आक्रसतात. पाण्यात थोडे ग्लिसरीन मिसळले तर वेळ मिळतो. पंखा मात्र बंद करावा लागतो. त्याच्या हादऱ्यानेही चित्र फिसकटते. घामाघूम होऊन घेतलेली चित्रे अधिक नेटकी येतात, असा माझा अनुभव आहे.

प्रकाशाच्या बाबतीत नवशिक्याच्या दोन फसगती ठरलेल्या. छिद्रपटल फार आवळले की प्रत्येक वस्तूभोवती काळी कड उमटते आणि ती पेशीभित्तिका वाटते. दुसरी फसगत हवेच्या बुडबुड्याची. जाड काळ्या काठाचे ते सुबक वर्तुळ कित्येकांनी बीजाणू म्हणून मोठ्या हौसेने टिपले आहे.

पूर्वी यासाठी फिल्मचा कॅमेरा, जोडनळी आणि अंधारखोली लागत असे. आता मोबाईल फोन नेत्रभिंगावर एक-दोन सेंटिमीटर अंतरावर स्थिर धरला तरी काम भागते. हात टेकवण्यापेक्षा लहानसा स्टँड बरा, आणि बटण दाबल्याचा हादरा टाळण्यासाठी दोन सेकंदांची विलंब-सोय वापरावी. चित्र आपोआप ‘सुंदर’ करण्याची फोनमधील सोय बंद ठेवावी. ती रंग गडद करते, कडा कोरते. कॉख यांना चित्रकाराविषयी जी शंका होती ती आता यंत्राविषयी बाळगावी लागते. सूक्ष्मदर्शकच नसेल, तर मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केलेला, २०१४ मध्ये जगापुढे आलेला घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक ‘फोल्डस्कोप’ आहे. त्यातून सुमारे १४० पट मोठे दिसते. शालेय कामास ते पुरेसे आहे.

मोजपट्टीची रेघ

माझ्या फलकाची चूक टाळण्याचा उपाय अगदी साधा आहे. एका काचपट्टीवर एक मिलिमीटर लांबीचे १०० समान भाग कोरलेले असतात. प्रत्येक भाग १० मायक्रॉनचा. तिला मंच-मायक्रोमीटर म्हणतात. नमुन्याचे चित्र घेतल्यावर भिंगे आणि कॅमेरा न हलवता त्याच मांडणीत या पट्टीचेही एक चित्र घ्यावे. त्यावरून ५० किंवा १०० मायक्रॉन लांबीची रेघ मूळ चित्रावर काढावी. चित्र पोस्टकार्डाएवढे छापा वा भिंतीएवढे, रेघही त्याच प्रमाणात वाढते आणि माप कधी खोटे पडत नाही. ‘इतके पट’ हा आकडा लिहिण्याची गरजच राहत नाही.

घरचे दोन विषय

खानदेशात या छायाचित्रणासाठी विषय शोधत हिंडावे लागत नाही. कच्च्या केळ्याचा गर टाचणीच्या टोकाएवढा घेऊन काचपट्टीवर पसरावा आणि आयोडिनचा पातळ थेंब द्यावा. निळ्या-काळ्या लांबट पिष्टकणांनी सारे दृश्य भरून जाते. त्याच घडातील केळ्यांचे पिकत जाताना रोज एक चित्र घ्यावे. कण विरळ होत जातात आणि पूर्ण पिकलेल्या केळ्यात जवळजवळ नाहीसे होतात. हिरव्या केळ्याच्या गरात वजनाने सुमारे एक पंचमांश असलेले पिष्ट पिकल्यावर एक-दोन टक्क्यांवर येते. उरलेल्याची साखर झालेली असते. आठवड्याभराची ही चित्रमालिका एका ओळीत मांडली तर शाळेच्या प्रदर्शनात तिला तोड नाही.

दुसरा विषय कापसाचा. सरकीच्या सालीवरील एकेक पेशी वाढून तंतू होतो. म्हणजे अडीच-तीन सेंटिमीटर लांबीचा तंतू ही एकच पेशी. रुंदी मात्र १५ ते २० मायक्रॉन. वाळलेला तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पिळलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो. त्यावर १८ टक्के कॉस्टिक सोड्याचे द्रावण सोडले की पक्व तंतू फुगून दांड्यासारखे गोल होतात आणि अपक्व तंतू भित्तिका पातळ असल्याने फितीसारखेच राहतात. (हे द्रावण कातडी भाजते, विद्यार्थ्यांनी ते स्वतः हाताळू नये.) अपक्व तंतूंच्या सुतात गाठी येतात आणि त्यावर रंग नीट चढत नाही. गिरणीवाले ज्याला मायक्रोनेअर म्हणतात, त्या आकड्यात तंतूच्या तलमपणाबरोबर ही पक्वताही सामावलेली असते. अशा कसोट्यांसाठीच १९२४ मध्ये मुंबईत माटुंगा येथे भारतीय मध्यवर्ती कापूस समितीची प्रयोगशाळा स्थापन झाली. आजची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था ती हीच. धुळे-जळगावच्या शेतकऱ्याला आपल्या कापसाला भाव कमी का मिळाला हे कळावे, याची एक किल्ली या साध्या चित्रात आहे.

करपा आणि हरण्या

आता पुन्हा केळीच्या पानाकडे. करपा म्हणजे सिगाटोका; फिजी बेटांतील सिगाटोका खोऱ्यात १९१२ च्या सुमारास या रोगाने बागा उद्ध्वस्त केल्या, त्यावरून हे नाव पडले. पालाशाच्या कमतरतेनेही पान कडेने पिवळे पडून वाळते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी घोटाळा होतो आणि फवारणीचा खर्च वाया जातो. अशा वेळी डागावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून उचलावी व सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. मात्र डाग कोवळा निवडावा. पूर्ण वाळलेल्या पानावर कोणत्याही मृत भागावर वाढणाऱ्या इतर बुरशी आलेल्या असतात आणि त्यांचे बीजाणूही चित्रात छान दिसतात. कोणता बीजाणू कोणाचा, हे त्याच्या आकारावर, आडव्या पडद्यांच्या संख्येवर आणि लांबीवर ठरते. म्हणून मापाच्या रेघेशिवाय पाठविलेले चित्र तज्ज्ञांच्या फारसे कामाचे नसते. चित्रासोबत गाव, तारीख, वाण, बागेचे वय आणि पान वरून कितवे, हेही लिहून पाठवावे.

हरण्या रोगाचे तसे नाही. तो विषाणूमुळे होतो, आणि मावा किडीमार्फत पसरतो. त्या विषाणूचा कण सुमारे २९ नॅनोमीटरचा आहे. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकातून २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसूच शकत नाहीत. भिंग कितीही महाग असो. तेव्हा कोणी फोनवर ‘हरण्याचा विषाणू’ म्हणून ठिपके दाखवू लागला, तर ते पेशीतील दुसरे काहीतरी आहे असे खुशाल समजावे. हा रोग पानावरील लक्षणांवरून आणि प्रयोगशाळेतील चाचणीवरून ओळखतात. रोगट झाड मुळासकट काढून नष्ट करणे, माव्याचा बंदोबस्त करणे आणि बागेजवळ काकडीवर्गीय पिके न घेणे, हाच त्यावरील उपाय आहे.

तो जुना फलक मी नंतर पुन्हा छापून घेतला. ‘४०० पट’ हे शब्द काढले आणि बीजाणूखाली २० सेंटिमीटरची एक रेघ दिली. तिच्याशी लिहिले, ‘५० मायक्रॉन’. शेजारी त्याच प्रमाणात डोक्याच्या एका केसाचे चित्र ठेवले. केस बीजाणूच्या लांबीहूनही जाड भरला, जवळजवळ सव्वा वीत.