११ संघ, १३ सीझन आणि एक विजेतेपद: केविन ओलीकडून छोट्या उद्योजकाने काय शिकायचं?



आपल्या चॅनेलवर एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सतत येतो. "छोटी, तात्पुरती कामंच मिळतात. आज या पार्टीचं जॉब वर्क, उद्या त्या प्रदर्शनात स्टॉल. यातून बस्तान कधी बसणार?" घरचेही हेच विचारत असतात.

याचं उत्तर मी आज अमेरिकेतल्या एका बास्केटबॉल खेळाडूच्या करिअरमधून देणार आहे. नाव केविन ओली. बास्केटबॉल कळत नसेल तरी चालेल, हिशोब कळला म्हणजे झालं.

आधी माणूस समजून घ्या

ओली कनेक्टिकट विद्यापीठाच्या संघातून खेळला, जिम कॅल्हून या नावाजलेल्या कोचच्या हाताखाली. १९९५ मध्ये कॉलेज संपलं. एनबीए म्हणजे तिथली सगळ्यात मोठी व्यावसायिक लीग. दरवर्षी तिचे संघ नवे खेळाडू निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. १९९५ च्या ड्राफ्टमध्ये ५८ जण निवडले गेले. त्यात ओली नव्हता.

मग तो एका छोट्या लीगमध्ये खेळला. १९९७-९८ च्या सीझनमध्ये डॅलस मॅव्हरिक्समधून एनबीएत शिरला आणि २०१० पर्यंत टिकला. १३ सीझन, ६६२ सामने, ११ वेगवेगळे संघ. ऑरलँडो, सॅक्रामेंटो, शिकागो, इंडियाना, मिलवॉकी, क्लीव्हलँड... बॅगा भरायच्या आणि निघायचं. सामन्यामागे सरासरी गुण किती? फक्त ३.८.

१० दिवसांचा करार

एनबीएत एक पद्धत आहे. सीझनच्या मध्यावर संघ एखाद्या खेळाडूला फक्त १० दिवसांसाठी घेऊ शकतो. आवडला तर आणखी १० दिवस. त्यानंतर त्याच संघाला ठरवावं लागतं: उरलेल्या सीझनसाठी ठेवायचा, नाहीतर सोडायचा. ओलीच्या वाट्यालाही असे करार आले.

आता हे आपल्या धंद्यात बघा. नवीन दुकानदार तुमचा माल "ठेवून बघतो" म्हणतो. कंपनी पहिली ऑर्डर सॅम्पलपुरती देते. सोसायटी एका महिन्यासाठी डबा लावते. हे सगळे १० दिवसांचे करारच आहेत. काम छोटं आहे म्हणून आपण हातचं राखून करतो, आणि समोरचा मात्र नेमकं तेच बघून पुढचं ठरवत असतो. पाट्या टाकल्या की दुसरे १० दिवस मिळत नाहीत.

मग ११ संघांनी पैसे कशाचे दिले?

३.८ गुणांसाठी कोणी १३ वर्षं माणूस ठेवत नाही. ओली पॉइंट गार्ड होता. चेंडू पुढे न्यायचा, योग्य माणसाकडे द्यायचा, स्वतः गमवायचा नाही, हे त्याचं काम. मुख्य खेळाडू दमला की मैदानात यायचं, घडी विस्कटू द्यायची नाही आणि परत बाकावर जाऊन बसायचं. लेब्रॉन जेम्सच्या पहिल्या एनबीए सीझनमध्ये, २००३-०४ ला, ओली क्लीव्हलँडमध्ये त्याच्याबरोबर होता. पोस्टर अर्थातच लेब्रॉनचं लागलं.

सगळ्यात बोलकं वर्ष शेवटचं. २००९-१० मध्ये ओक्लाहोमा सिटी थंडरने त्याला घेतलं, तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. संघात केविन ड्युरंट, रसेल वेस्टब्रुक, जेम्स हार्डन अशी विशीतली पोरं. आदल्या सीझनला हा संघ ८२ पैकी २३ सामने जिंकला होता, त्या वर्षी ५० जिंकला. याचं श्रेय एकट्या ओलीला देणं चुकीचं ठरेल, कारण तो मैदानावर फारसा दिसलाही नाही. पण नंतर खुद्द ड्युरंटने जाहीरपणे सांगितलं की संघाचं वळण बदलण्यात ओलीचा मोठा वाटा होता.

म्हणजे त्याची खरी विक्रीची वस्तू गुण नव्हती. तो असला की काम सुरळीत चालतं, हा भरवसा तो विकत होता.

माझ्या दुकानात माल पुरवणाऱ्यांमध्ये सगळ्यात स्वस्त असलेल्याला मी पहिला फोन करत नाही. जो सांगितलेल्या वेळेला येतो आणि बिल बरोबर देतो, त्याला करतो. तुमचे गिऱ्हाईकही हेच करतात.

स्वतःचं कौशल्य दुसऱ्याच्या हातात कसं द्यायचं?

२०१० मध्ये ओली आपल्याच विद्यापीठात सहायक कोच म्हणून आला. २०११ मध्ये त्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. सप्टेंबर २०१२ मध्ये कॅल्हून निवृत्त झाले आणि ओली मुख्य कोच झाला. करार किती दिवसांचा? साधारण सात महिन्यांचा! म्हणजे पुन्हा ट्रायलच. शिवाय त्या वर्षी संघाला सीझनअखेरच्या स्पर्धेत खेळायला बंदी होती, कारण आधीच्या वर्षांतली खेळाडूंची अभ्यासातली प्रगती कमी पडली होती. ट्रॉफीची शक्यताच नसलेला संघ त्याने चालवला आणि ३० पैकी २० सामने जिंकले. डिसेंबरमध्येच त्याला पाच वर्षांचा करार मिळाला होता.

पुढच्या वर्षी बंदी उठली. राष्ट्रीय स्पर्धेत प्रत्येक विभागात संघांना क्रमांक देतात. कनेक्टिकटचा क्रमांक होता ७. ७ एप्रिल २०१४ ला त्यांनी अंतिम सामन्यात केंटकीला ६०–५४ असं हरवलं. सातव्या क्रमांकाचा संघ विजेता होण्याची ती पहिलीच वेळ.

आता यातला एक आकडा वहीत लिहून ठेवा. फ्री थ्रो म्हणजे कोणीही अडवत नसताना मारायचा फटका. कनेक्टिकटने १० पैकी १० टाकले. केंटकीने २४ पैकी १३, म्हणजे ११ वाया. सामना गेला ६ गुणांनी.

फ्री थ्रोमध्ये झगमगाट नसतो, फक्त सराव असतो. धंद्यातले फ्री थ्रो कोणते? वेळेवर बिल, उधारीची वही, स्टॉक मोजणी, फोन उचलणं. इथे कोणी स्पर्धक आडवा येत नाही. चुकलो तर आपणच चुकतो. आणि मालक एकटा हे नीट करतो म्हणून धंदा मोठा होत नाही. तुमच्या गैरहजेरीत काउंटरवरचा मुलगाही ते करतो तेव्हा होतो. खेळाडू आणि कोच यांच्यात हाच फरक आहे.

गोष्ट इथे संपत नाही

इथेच थांबलो तर ती नुसती मोटिव्हेशनची रील होईल. पुढे त्याचे शेवटचे दोन सीझन वाईट गेले. मार्च २०१८ मध्ये विद्यापीठाने नियमभंगाचं कारण देऊन ओलीला काढलं आणि कराराचे उरलेले पैसे द्यायला नकार दिला. २०१९ मध्ये कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेनेही त्याला दोषी धरून निर्बंध घातले. पण पैशांचा वाद लवादापुढे गेला. विद्यापीठाचा प्राध्यापकांच्या संघटनेशी झालेला करार कोचलाही लागू होता. त्याचा आधार घेऊन जानेवारी २०२२ मध्ये लवादाने ठरवलं की त्याला काढणं योग्य नव्हतं, आणि १ कोटी ११ लाख डॉलरपेक्षा जास्त रक्कम द्यायला सांगितली.

दोन गोष्टी एकदम शिका. एक, विजेतेपद मिळालं म्हणून नियमांतून सूट मिळत नाही. दोन, नातं बिघडल्यावर शब्द नाही, कागद बोलतो. आपण "घरचेच आहेत, कशाला लिहून घ्यायचं" म्हणतो. ऑर्डर मध्येच रद्द झाली तर ॲडव्हान्सचं काय, हे निदान व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या.

ओलीचं पुढे काय झालं? फेब्रुवारी २०२४ मध्ये एनबीएतल्या ब्रुकलिन नेट्सचा मुख्य कोच म्हणून त्याची नेमणूक झाली. कशी? हंगामी!

आजचा गृहपाठ

वही घ्या आणि तीन रकाने आखा.

१. गेल्या वर्षभरातली तुमची सगळी छोटी, तात्पुरती कामं लिहा. एकही सोडू नका.

२. प्रत्येकासमोर लिहा: तिथे मी काय शिकलो, आणि त्यांनी मला परत का बोलावलं किंवा का नाही बोलावलं? माहीत नसेल तर फोन करून विचारा. लाजू नका.

३. त्यातलं कोणतं काम मी आता दुसऱ्याला शिकवू शकतो?

तिसरा रकाना भरत गेला, तर तुमचं बस्तान बसायला लागलं आहे असं समजा. रिकामा असेल, तर पुढच्या १० दिवसांत एक गोष्ट एका माणसाला शिकवा आणि कशी शिकवली ते कमेंटमध्ये लिहा. मी वाचतो, आणि उत्तरही देतो.

भेटू पुढच्या धड्यात!