आकाशउडी : नवशिक्याचीं साधनें व सावधगिरी

मनुष्यास पंख नाहींत. तथापि आकाशांत संचार करण्याची इच्छा त्याच्या ठिकाणीं फार प्राचीन काळापासून आहे. विमानानें ती पुष्कळ अंशीं पूर्ण केली. परंतु विमानांतून बाहेर पडून, कांहीं काळ मोकळ्या हवेंत पडत राहून, मग छत्रीच्या आधारानें भूमीवर उतरणें हा एक निराळाच खेळ आहे. यास स्कायडायव्हिंग म्हणतात. आपण त्यास आकाशउडी म्हणूं. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी या खेळाविषयीं वारंवार प्रश्न विचारतात, आणि त्या प्रश्नांनींच त्यांच्या मातापित्यांस धडकी भरते. मुलगा म्हणतो, "मला जाऊं द्या", आई म्हणते, "बाळा, हा विषयच काढूं नकोस." वस्तुतः या खेळाची खरी माहिती दोघांसही नसते. ती थोडक्यांत द्यावी, हा या लेखाचा हेतु आहे.

पडणें म्हणजे काय?

आपल्या वालीवच्या पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर उभा आहे. त्याची उंची सुमारें दोन हजार फूट. आकाशउडीचें विमान साधारणतः १०,००० ते १३,००० फुटांवर, म्हणजे या डोंगराच्या पांच-सहा पट उंच जातें. उडी घेतल्यावर पहिले हजार फूट उतरावयास सुमारें दहा सेकंद लागतात. तोंवर वेग वाढत जातो. मग हवेचा विरोध व शरीराचें वजन यांची बरोबरी होऊन तो स्थिर होतो. पोट खालीं करून पडणाऱ्याचा हा वेग ताशीं सुमारें १९० किलोमीटर भरतो. त्यानंतर प्रत्येक हजार फुटांस अवघे साडेपांच सेकंद पुरतात.

आतां गणित करून पाहा. ५,००० फुटांवर आलेल्या मनुष्यानें कांहींच केलें नाहीं, तर सत्तावीस-अठ्ठावीस सेकंदांत तो भूमीवर आदळेल. प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणावयास साधारण इतकाच वेळ लागतो. म्हणून उंची हीच या खेळांतील शिल्लक होय, आणि ती प्रत्येक क्षणीं खर्च होत असते. पुढें सांगितलेलें प्रत्येक साधन व प्रत्येक नियम ही शिल्लक संपण्यापूर्वीं योग्य तें काम व्हावें, यासाठींच आहे.

एका मराठी स्त्रीचें उदाहरण

पुण्याच्या शीतल महाजन यांचें नांव प्रत्येक मराठी मुलास ठाऊक असावें. ता. १८ एप्रिल २००४ रोजीं त्यांनीं उत्तर ध्रुवावर सुमारें २,४०० फुटांवरून हेलिकॉप्टरांतून उडी घेतली. तेथील उष्णमान शून्याखालीं ३७ अंश होतें, आणि ती त्यांच्या आयुष्यांतील पहिलीच उडी होती. पुढें ता. १५ डिसेंबर २००६ रोजीं त्या दक्षिण ध्रुवावर ११,६०० फुटांवरून उतरल्या. सन २०११ मध्यें भारत सरकारनें त्यांस पद्मश्री देऊन गौरविलें.

हा वृत्तांत ऐकून कांहीं मुलें म्हणतात, "त्यांनीं पहिलीच उडी ध्रुवावर घेतली; मग आम्हांस इतकें शिक्षण कशाला?" मुलांनो, अपवादावरून नियम काढणें तर्कशास्त्रास संमत नाहीं. अमेरिकेंतील पॅराशूट संघाच्या नियमाप्रमाणें, आपली छत्री नीट उघडली कीं नाहीं याचा निर्णय विद्यार्थ्यानें २,५०० फुटांच्या वरच घ्यावा लागतो. म्हणजे आजच्या विद्यार्थ्याचा निर्णय जेथें संपावयाचा, त्याच्याही खालून त्या पहिल्या उडीस आरंभ झाला. त्या धाडसाचा आदर करावा. अनुकरण मात्र करूं नये.

अनुकरण करावयाचें असेल, तर त्यांच्या दुसऱ्या एका उडीचें करावें. फेब्रुवारी २०१८ मध्यें थायलंडांतील पटाया येथें त्यांनीं नऊवारी लुगडें नेसून सुमारें १३,००० फुटांवरून उडी घेतली. सव्वाआठ मीटर वस्त्र अंगावर असतांही छत्रीचा साज, शिरस्त्राण, चष्मा व बूट यांपैकीं एकही वस्तु त्यांनीं गाळली नाहीं. चौदा वर्षांच्या अनुभवानंतरही साधनांविषयींची ही दक्षता कायम होती, हें ध्यानीं धरण्याजोगें आहे.

शिकण्याच्या तीन रीती

पहिल्या रीतींत नवशिक्यास शिक्षकाच्या पुढें पट्ट्यांनीं जखडतात, व दोघे मिळून एकाच मोठ्या छत्रीनें उतरतात. येथें सर्व जबाबदारी शिक्षकाची असते. आकाशउडीची केवळ चव घ्यावयाची असेल, त्यास ही रीत बरी.

दुसरी रीत सैन्यांत चालते. छत्रीस जोडलेल्या पट्ट्याचें टोक विमानांतील तारेस अडकवितात. मनुष्य बाहेर पडतांच तो पट्टा ताणला जाऊन छत्री आपोआप उघडते. ता. ११ डिसेंबर १९७१ रोजीं, बांगलादेशच्या युद्धांत, आपल्या पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण टांगाइल येथें आकाशांतून उतरली. ही पलटण पूर्वीं मराठा लाइट इन्फन्ट्रीची होती, आणि आजही तिच्या नांवापुढें 'मराठा' हा शब्द लावितात. छत्रीधारी शिपाई विमानांत उडीसाठीं उभे राहिले कीं, प्रत्येकजण आपल्या पुढच्याच्या पाठीवरील साज तपासतो. आपली पाठ आपणांस दिसत नाहीं. ती दुसऱ्यानेंच पाहावी लागते. नागरी नवशिक्यानेंही हा धडा घ्यावा, व विमानांत चढण्यापूर्वीं आणि दार उघडण्यापूर्वीं आपला साज शिक्षकाकडून तपासून घ्यावा.

तिसऱ्या रीतींत विद्यार्थी आपली छत्री स्वतः वाहतो व स्वतः उघडतो. आरंभींच्या उड्यांत दोन शिक्षक दोहों बाजूंनीं त्यास धरून पडतात. वर सांगितलेल्या संघाचा पहिला परवाना मिळण्यास निदान २५ उड्या व्हाव्या लागतात.

साधनें

(१) पट्ट्यांचा साज. हा खांद्यांवरून, छातीवरून व दोन्ही मांड्यांभोंवतीं बांधला जातो. तो अंगास नीट बसला पाहिजे. सैल साज छत्री उघडतांना वर सरकतो, आणि मग मुठी नेहमींच्या जागीं सांपडत नाहींत.

(२) दोन छत्र्या. पाठीवर एक मुख्य व एक राखीव अशा दोन छत्र्या असतात. बहुतेक साजांत छातीच्या उजव्या बाजूची मूठ बिघडलेली मुख्य छत्री सोडून देते, व डाव्या बाजूची मूठ राखीव छत्री उघडते. हा क्रम भूमीवर इतका घटवावा कीं, झोपेंतून उठविलें तरी हात बरोबर जागीं जावे. राखीव छत्री परवानाधारक कारागिरानेंच बांधावी लागते. अमेरिकेच्या कायद्यानें दर १८० दिवसांच्या आंत ती नव्यानें तपासून बांधलेली असली पाहिजे. साजासोबत असलेल्या पत्रकावर ही तारीख लिहिलेली असते. ती वाचून पाहण्यांत संकोच कसला?

(३) आपोआप चालणारें यंत्र. विद्यार्थी शुद्ध हरपून किंवा गोंधळून पडत राहिला, तर हें लहानसें यंत्र हवेच्या दाबावरून उंची व वेग ओळखून, सुमारें ७५० फुटांवर राखीव छत्री उघडतें. आपल्यापैकीं अनेकांचे वडील वालीवच्या गाळ्यांत यंत्रांवर काम करितात. यंत्रावरील संरक्षक झांकण काढलें तर काम लवकर उरकतें, हें त्यांस ठाऊक असतें. आणि तें काढणाऱ्याच्या बोटांचें काय होतें, हेंही ठाऊक असतें. हें यंत्र तशा झांकणासारखें आहे. तें असलेंच पाहिजे. परंतु तें आहे म्हणून हात आंखडावयाचा नसतो.

(४) उंचीमापक. हें मनगटावर बांधतात. पडतांना काळाचा अंदाज चुकतो. कांटा चुकत नाहीं. दर कांहीं सेकंदांनीं त्याकडे पाहण्याची संवय पहिल्याच उडीपासून लावावी.

(५) अंगावरील वस्तु. कठीण शिरस्त्राण, डोळ्यांस घट्ट बसणारा चष्मा, अंगाबरोबर असलेला सदरा-विजार जोडाचा पोशाख, आणि घोटा सांवरणारे आंकडे नसलेले बूट. लोंबणारी ओढणी, गळ्यांतील साखळी, मोकळे केस हीं सर्व आंत बांधावीं. मुठीवर कापडाची एक घडी आली तरी ती वेळेवर हातीं लागत नाहीं.

खरेदी करावयाचीच असेल, तर शिरस्त्राण, चष्मा, बूट व उंचीमापक हीं प्रथम घ्यावीं. छत्रीची घाई करूं नये. कौशल्य वाढतें तशी योग्य छत्रीही बदलते. तोंवर शिक्षणकेंद्राचीच वापरावी. जुनी छत्री घेणें झाल्यास कारागिरास दाखविल्यावांचून पैसे देऊं नयेत. ऊन लागून नायलॉन कमजोर होतें, आणि तें डोळ्यांस नेहमीं दिसत नाहीं.

छत्री केवढी असावी?

हा प्रश्न त्रैराशिक येणारा कोणताही मुलगा सोडवील. समजा, विद्यार्थ्याचें वजन १५० पौंड, म्हणजे सुमारें ६८ किलो, आणि साजासह सर्व वस्तूंचें वजन ३० पौंड. एकूण १८० पौंड. छत्री २४० चौरस फुटांची असेल, तर प्रत्येक चौरस फुटावर पाऊण पौंड भार पडतो. तीच १२० चौरस फुटांची घेतली, तर भार दीड पौंड होतो. भार वाढला कीं छत्री वेगानें धांवते, वळतांना झपाट्यानें खालीं येते, व चूक सुधारण्यास अवधि देत नाहीं. नवशिक्यानें हा भार एक पौंडाच्या आंत ठेवावा. मोठी छत्री दिसावयास मंद व साधी असते, आणि लहान छत्रीवाले तरुण तिला हंसतात. त्यांस हंसूं द्यावें.

उतरणें

सन १९१९ मध्यें, ता. २८ एप्रिल रोजीं, लेस्ली अर्विन या गृहस्थानें अमेरिकेंत विमानांतून उडी घेऊन, कांहीं अंतर मोकळें पडल्यावर स्वतःच्या हातानें दोरी ओढून छत्री उघडून दाखविली. छत्रीनें आपलें काम चोख केलें; तरी उतरतांना त्याचा घोटा मोडला. शंभराहून अधिक वर्षांत छत्र्या पुष्कळ सुधारल्या, पण ही गोष्ट फारशी बदलली नाहीं. आजही पुष्कळ अपघात छत्री उत्तम उघडलेली असतां, भूमीजवळ येऊन एकाएकी वळण घेतल्यामुळें होतात.

यास्तव छत्री उघडतांच तीन गोष्टी पाहाव्या: ती पूर्ण आकारांत आहे काय, स्थिर आहे काय, आणि हुकुमाप्रमाणें वळते काय. तिन्हींस होकार असेल, तर उतरण्याची जागा व वाऱ्याची दिशा न्याहाळावी, आणि शेवटचा टप्पा वाऱ्यास सामोरें जाऊन, वळण न घेतां, सरळ काढावा. दहा-बारा फुटांवर दोन्ही दोऱ्या सारख्या खालीं ओढाव्या, म्हणजे वेग मंदावतो. पाय व गुडघे जुळवून ठेवावे. आघात मोठा वाटल्यास उभें राहण्याचा हट्ट न धरतां पोटरी, मांडी व कुशीवर क्रमानें लोळण घ्यावी.

वारा ताशीं सुमारें २२ किलोमीटरांच्या वर गेला, तर विद्यार्थ्यानें उडी घेऊं नये, असा वरील संघाचा नियम आहे. आपल्या वसईंत दुपारचा समुद्रवारा कसा उठतो, हें कोळीवाड्यांतील प्रत्येक मूल जाणतें. शिवाय येथें खाडी, मिठागरें, वाड्यांतील माड व विहिरी, विजेच्या तारा व कारखान्यांचीं छपरें असल्यामुळें ही भूमि या खेळास मुळींच योग्य नाहीं. चादर किंवा पावसाळी छत्री घेऊन गच्चीवरून उडी मारण्याचा विचार तर कोणीं स्वप्नांतही आणूं नये. छत्री भरण्यास शेंकडों फूट लागतात, आणि गच्ची तीस-चाळीस फुटांची असते.

पालकांस विनंती

आपला मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षें पुरीं झाल्यावर या खेळास जाऊं इच्छील, तर नुसता नकार देऊन त्यास चोरून जाण्यास भाग पाडूं नये. त्यापेक्षां त्याच्याबरोबर स्वतः जावें, व पुढील प्रश्न विचारावे: या केंद्रास सरकारी परवानगी आहे काय? शिक्षकाचा परवाना चालू आहे काय? राखीव छत्री शेवटीं कधीं बांधली? आपोआप चालणारें यंत्र बसविलें आहे काय? वारा किती झाला म्हणजे तुम्ही उडी थांबवितां? भरलेले पैसे परत मिळतात काय? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु पैसे बुडतील या भीतीनें वाईट हवेंतही विमानांत चढणारे लोक असतात. उत्तर देतांना जो चिडतो, त्याच्या हातीं आपलें मूल देऊं नये.

मुलांस एकच सांगणें. परीक्षकानें आपल्या प्रभूस मंदिराच्या शिखरावर उभें केलें, आणि देवदूत झेलतील असें सांगून खालीं उडी टाकण्यास सुचविलें, ही कथा आपण सर्वांनीं वाचली आहे. प्रभूनें तेथून उडी टाकली नाहीं. कारण विनाकारण संकटांत शिरून देवाची परीक्षा पाहणें हा विश्वास नव्हे. जो तरुण महिनोन् महिने शिकतो, साज तपासतो, शिक्षकाचा शब्द मानतो व मग उडी घेतो, तो देवानें दिलेली बुद्धि वापरतो. आणि विमान वर गेल्यावर वारा वाढलेला पाहून जो त्याच विमानानें परत खालीं येतो, त्यास तुमच्यापैकीं कोणीं भित्रा म्हणूं नये. त्याच्या घरीं त्या दिवशीं आईनें निश्चिंतपणें ताट वाढलेलें असतें.