लॉनमोअर ब्लेनी : शेवाळ संपल्यावर तो काय खाणार?



परिसर अभ्यासात प्राण्यांचं अन्न शिकवताना मी वर्गात एक प्रश्न हमखास विचारते. "टाकीतलं सगळं शेवाळ माशाने खाऊन टाकलं, तर दुसऱ्या दिवशी तो काय खाईल?" वर्ग गप्प होतो.

हा प्रश्न मला एका पालकांच्या घरी सुचला. त्यांनी हौसेने खाऱ्या पाण्याची टाकी केली होती. खडकांवर हिरवट थर चढला, तेव्हा दुकानदाराने 'हा टाका, टाकी आपोआप साफ होईल' म्हणून लॉनमोअर ब्लेनी दिला. थोड्याच आठवड्यांत खडक स्वच्छ झाले. मासा मात्र पोट खपाटीला जाऊन मेला. मुलगी दोन दिवस नीट जेवली नाही.

मासा आहे मोठा गमतीदार. तपकिरी-करडा, ठिपक्यांचा, खडकावर बसला की पटकन दिसत नाही. पोटाखालच्या परांवर टेकून बसतो आणि दोन डोळे दोन दिशांना फिरवतो. मुलं तासन्‌तास बघतात! शास्त्रीय नाव सॅलेरियस फॅसिएटस. तांबड्या समुद्रापासून सामोआपर्यंतच्या उथळ प्रवाळ भागात तो राहतो. वाढतो साधारण १४ सेंटिमीटरपर्यंत. कंगव्यासारख्या बारीक दातांनी तो खडक खरवडतो, तेव्हा शेवाळाबरोबर त्यावरचा गाळ आणि सूक्ष्म जीवही पोटात जातात. समुद्रात हे ताट रोज नव्याने भरतं, घरच्या टाकीत ते एकदा पुसलं की संपलं.

म्हणून नव्या कोऱ्या टाकीत हा मासा सोडूच नका. टाकी निदान ११०-१२० लिटरची आणि काही महिने मुरलेली हवी. खडकांवर शेवाळ दिसलं पाहिजे. तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस, पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२५. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही, समुद्री टाकीसाठीचं वेगळं मीठ मिळतं. एका टाकीत एकच ब्लेनी ठेवा, दोन असले की जागेवरून भांडतात. झाकण किंवा जाळी हवीच, कारण तो उडी मारतो.

पाणी आटलं की त्यात गोडं (शक्यतो आरओचं) पाणी घालायचं, खारं नाही. का, ते मुलांनाच विचारा. पाण्याची वाफ होते, मीठ मागेच राहतं. बाष्पीभवनाचा धडा आयता घरात!

आता जेवण. समुद्री शेवाळाची सुकी पानं 'नोरी' नावाने मिळतात. बिनमिठाची, बिनमसाल्याची घ्या, तुकडा चिमट्याने काचेला लावा. स्पिरुलिनाचं खाद्यही द्या. पण सगळेच ब्लेनी असं खाद्य स्वीकारत नाहीत. काही जण शेवटपर्यंत खडकच खरवडत राहतात. त्यामुळे विकत घेण्याआधी 'माझ्यासमोर खायला घाला' असं दुकानदाराला स्पष्ट सांगा, आणि पोट आत गेलेला मासा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

घरी आणल्यावर दर रविवारी मुलाला त्याचं पोट बाजूने बघून वहीत चित्र काढायला सांगा. चित्रातलं पोट आत जायला लागलं, की नोरीचं प्रमाण त्याच दिवशी वाढवा.