अ‍ॅप आणायच्या आधी

तू फोन ठेवलास आणि मला वाटलं, हे असं घाईत बोलून उरकायचं नाही, नीट लिहूनच सांगावं. हट्ट्याच्या शाखेची जबाबदारी तुझ्याकडे आली आणि मुख्य कार्यालयाने निरोप धाडला, की कर्मचाऱ्यांच्या मनावरचा ताण हलका व्हावा म्हणून मोबाइलवरून समुपदेशनाची सोय करा, एखादं अ‍ॅप घ्या, पैसे संस्था देईल. तुला आनंद झाला, तसा मलाही झाला. आपल्या भागातली एखादी पतसंस्था कामाला येणाऱ्या माणसाच्या मनाचा विचार करते, हे थोडं नाही गं. म्हणूनच ते वाया जाऊ नये असं मला फार वाटतं.

आधी तुझी माणसं डोळ्यांसमोर आण. काउंटरवरची मुलगी, कर्जाच्या फायली बघणारे भाऊ, शिपाई मामा आणि दिवसभर मोटरसायकलवर फिरणारे पिग्मी एजंट. आता वर्षाचं चक्र बघ. आपल्याकडे हळद जानेवारीपासून निघायला लागते. मग ती शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची. वसमतच्या नाहीतर हिंगोलीच्या बाजारात नेऊन हातात पैसा पडायला पुष्कळांना एप्रिल-मे उजाडतो. तुमचं मार्च एंड त्याच्या आधी येतं. म्हणजे शेतकऱ्याचा हात अगदी रिकामा असतो तेव्हाच तुझी माणसं वसुलीला त्याच्या दारात उभी. आणि दार तरी कुणाचं? चुलत्याचं, शाळेतल्या दोस्ताचं, बायकोच्या मावशीचं. दुपारी ज्याच्याकडून बोलणी खाल्ली, संध्याकाळी त्याच्याच शेजारी चहाच्या टपरीवर बसायचं. पुण्यातल्या ऑफिसचा माणूस कटकट मागे टाकून घरी तरी जातो. हट्ट्यात कामाची जागा आणि राहायची जागा एकच आहे. बाहेरून आलेलं अ‍ॅप या ताणाला ओळखतच नसतं, त्याला कामाचा ताण म्हणजे ईमेल आणि मीटिंग एवढंच ठाऊक.

याच कारणाने इथे माणसाला पहिली भीती वाटते ती आजाराची नाही, कळण्याची. ‘त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय’ हे वाक्य सकाळी काउंटरवर निघालं तर दुपारपर्यंत झिरो फाट्याला पोचतं. पुढे बढती अडते, मुलीच्या सोयरिकीत विषय निघतो. तेव्हा अ‍ॅप कुठलं, हा प्रश्न नंतरचा. ‘हे साहेबांना कळणार का?’ या प्रश्नाला तू काय उत्तर देणार, ते आधी ठरव.

अ‍ॅपवाली कंपनी तुला एक गोष्ट अभिमानाने सांगेल: नावं कळणार नाहीत, दर महिन्याला फक्त आकड्यांचा अहवाल येईल. हजार माणसांच्या कारखान्यात ते ठीक आहे. तुझ्या शाखेत मोजकी माणसं. ‘एका महिला कर्मचाऱ्याने तीन वेळा सेवा घेतली’ एवढं एक वाक्य आलं तरी ती कोण हे शिपायालासुद्धा कळेल. म्हणून शाखेपुरता अहवाल घ्यायचाच नाही. सगळ्या शाखांचा मिळून एकच आकडा, तोही वर्षातून एकदा आणि थेट मुख्य कार्यालयात. तुझ्याकडे काहीच नको. तुला माहिती नसणं हीच तुझ्या माणसांची सुरक्षा आहे, आणि तुझीही.

माहिती बाहेर जाण्याची भीती पोकळ नाही, बरं का. अमेरिकेत बेटरहेल्प नावाची ऑनलाइन समुपदेशनाची मोठी कंपनी आहे. लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती तिने जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना पुरवली, असा आरोप तिथल्या व्यापार आयोगाने ठेवला आणि २०२३ मध्ये तिला ७८ लाख डॉलर भरायला लावले. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराची गुप्तता हा रुग्णाचा हक्क मानलाय, आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा दिलेली संमती मागे घेण्याचा अधिकार देतो. करार समोर आला की विचार: माहिती कुठे ठेवता, किती दिवस ठेवता, आणि माणूस नोकरी सोडून गेला तर ती पुसता का? विक्रीला आलेला माणूस या प्रश्नांवर चाचरला तर चहा पाजून निरोप दे.

आणि नुसतं अ‍ॅप किती टिकतं, तेही ऐकून ठेव. २०१९ मध्ये संशोधकांनी मानसिक आरोग्याची ९३ अ‍ॅप तपासली. उतरवून घेणाऱ्या शंभरातले महिन्याभराने ती उघडणारे जेमतेम तीन-चार. २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या एका संशोधकाने ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६ हजारांहून जास्त नोकरदारांची माहिती पडताळली. ध्यानाची शिबिरं, ताण सोसायला शिकवणारे वर्ग, तब्येतीची अ‍ॅप, यांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मनःस्थितीत म्हणावा असा फरक त्याला दिसला नाही. मला याचं नवल वाटलं नाही. वरून वसुलीचा आकडा तोच, रात्रीचा फोन तोच, आणि माणसाला म्हणायचं की दहा मिनिटं श्वासाकडे लक्ष दे. त्याने काय होणार?

मग सुरुवात कुठून करायची? रात्रीपासून कर. तुमच्या शाखेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रात्री साडेदहाला ‘आजची थकबाकी यादी’ येते ना, ती बंद कर. संध्याकाळी सातनंतर गटावर वसुलीचा एक शब्द नाही, हा नियम तू एकटीसुद्धा लावू शकतेस, त्याला कुणाची मंजुरी लागत नाही. थकबाकीदाराच्या दारात एकट्या माणसाला पाठवू नको, जोडीने पाठव. सख्ख्या नात्यातल्या कर्जदाराकडे तोच कर्मचारी जायचा नाही, दुसरा जाईल. हळदवाल्यांचे हप्ते बाजाराच्या तारखा बघून बांधता येतील का, हे वर मांड. कर्जाच्या नियमांत ते बसेल न बसेल, पण तू विचारलंस एवढं जरी तुझ्या माणसांना कळलं, तरी पुढे तू दिलेला नंबर ती घेतील.

नंबरसाठी तर पैसेही लागत नाहीत. केंद्र सरकारची टेली मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठी निवडता येते. बंगळुरूची निम्हान्स संस्था तिचं मुख्य केंद्र. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज असेल तर पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे जोडून देतात. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत देशभरातून १८ लाखांहून जास्त कॉल तिथे गेले होते. आपल्यासाठी हे फार मोलाचं आहे. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही नाही. जिल्हा रुग्णालयात तज्ज्ञ भेटतात, पण त्यासाठी दिवस मोडायचा, एसटी बघायची, आणि तिथल्या रांगेत ओळखीचं कुणी भेटणार नाही ना, ही धास्ती. फोनने हा सगळा फेरा वाचतो. म्हणून आधी १४४१६ सगळ्यांना माहीत होऊ दे, वापरला जाऊ दे. विकतचं अ‍ॅप घ्यायचंच तर त्यानंतर घे, आणि पलीकडे मराठीत बोलणारा जिवंत माणूस असेल तरच घे.

पण नुसता नंबर भिंतीवर चिकटवून भागत नाही, हे आपल्या जिल्ह्याने पाहिलंय. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी २०१५ च्या सुमाराला सरकारने प्रेरणा प्रकल्प आणला. मराठवाड्याचे आठ आणि विदर्भाचे सहा असे १४ जिल्हे, त्यात हिंगोलीही. १०४ नंबरवर समुपदेशन होतं, जिल्हा रुग्णालयात डॉक्टर होते. तरी दारोदार जाऊन ‘झोप लागते का, जेवण जातं का’ हे विचारायचं काम आशाताईंकडे दिलं, कारण मनाने खचलेला माणूस स्वतः उठून फोन लावत नाही. त्याला कुणीतरी विचारावं लागतं. मला त्या योजनेतली ही गोष्ट सगळ्यात शहाणपणाची वाटते. तुझ्या शाखेतही अशी एक व्यक्ती बघ. ती तू नकोस, कारण पगारवाढ तुझ्या हातात आहे. जिच्यापाशी लोक आताही आपणहून मन मोकळं करतात तिला निवड. तिने डॉक्टर व्हायचं नाही, सल्ले द्यायचे नाहीत. ऐकायचं, १४४१६ सांगायचा आणि तोंड बंद ठेवायचं. हे जमेल का, ते तिलाच विचार, आणि ती नको म्हणाली तर आग्रह धरू नको.

बायकांचं निराळं लक्षात घे. काउंटरवरच्या मुलीचा फोन घरी गेल्यावर तिचा राहत नाही. लेकरं खेळतात, नवरा बघतो, सासू कॉल घ्यायला सांगते. त्या फोनवर अ‍ॅपचं चित्र दिसलं किंवा ‘आज तुम्हाला कसं वाटतंय?’ असा संदेश झळकला, की घरात जाब सुरू. अशा वेळी ऑफिसातली मागची खोली कामी येते. दुपारी अर्धा तास ती खोली आणि संस्थेचा फोन ज्याला हवा त्याला, वहीत नोंद नाही, कशाला हे विचारायचं नाही. कुणी तिथे बसून माहेरी बोलेल, कुणी नुसतं डोळे मिटून बसेल, बसू दे. सगळेच जात-येत असले की कोण समुपदेशकाशी बोललं ते ओळखू येत नाही.

पहिल्या दिवशी भाषण नको गं, स्लाइड नकोत. ‘डिप्रेशन’, ‘वेलनेस’ असले शब्द ऐकले की आपली माणसं मान डोलावतात आणि आतून दार लावून घेतात. ‘झोप लागत नाही’, ‘जीव घाबरा होतो’, ‘कशात मन लागत नाही’, असं बोल. एखाद्या शनिवारी सगळ्यांनी मिळून ‘कासव’ बघा. २०१७ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं, नैराश्याने खचलेल्या पोराची गोष्ट आहे, कुठेही उपदेश नाही. ठाण्याच्या आयपीएच संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांचे सहकारी यूट्यूबवर मराठीत फार सोपं बोलतात, तेही ज्याचं त्याने ऐकावं.

आता एक जड गोष्ट, पण तुला माहीत असायलाच हवी. कुणी म्हणालं, ‘आता जगण्यात काही राम राहिला नाही’, किंवा उगाच सगळ्यांचा निरोप घेतल्यासारखं वागू लागलं, तर त्याच्या हातात नंबर देऊन मोकळी होऊ नको. त्याच्याजवळ बस. ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ असं सरळ विचार. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. १४४१६ त्याच्यासमोर लाव, त्याला एकटं सोडू नको, आणि त्याला सांगूनच घरातल्या विश्वासाच्या माणसाला बोलव. घरातली फवारणीची औषधं त्या माणसाने कुलपात टाकायची, किल्ली स्वतःकडे ठेवायची. जीव आत्ताच धोक्यात दिसत असेल तर १०८ ची गाडी बोलवायची. परभणी हट्ट्याला हिंगोलीपेक्षा जवळ पडते, तेव्हा जिल्ह्याची हद्द बघत बसू नको. अशा वेळी गुप्ततेपेक्षा जीव मोठा, आणि ही एकच सूट आहे हे तू सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेव, म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटणार नाही.

आणि तू? आजवर वसुलीला तू जात होतीस, आता पाठवणारी झालीस. हे पेलणं सोपं नाही, माय. साहेब झालीस म्हणून मागची खोली तुला बंद नाही.

संचालक मंडळासमोर विषय जाण्याआधी कराराचा मसुदा मला पाठव. अहवालाचं कलम आपण दोघी मिळून वाचू. त्यात ‘शाखानिहाय’ हा शब्द असला तर तो खोडल्याशिवाय सही करायची नाही.