मांजर, मजला आणि संशोधनाचा आराखडा

संशोधनपद्धतीच्या पेपरासाठी आपण आराखड्यांची नावे पाठ करतो : सर्वेक्षण, प्रयोग, पूर्वलक्षी अभ्यास वगैरे. त्यांतला कोणता केव्हा निवडावा, हे मला मात्र पशुवैद्यकातील एका उदाहरणाने अधिक नीट उमगले. कलाशाखेच्या अंकात मांजरे कोठून आली, असे वाचकांनी कृपया विचारू नये. प्रश्न तर्कशास्त्राचाच आहे.

न्यूयॉर्कमधील एका पशुरुग्णालयात पाच महिन्यांत उंच इमारतींवरून पडलेली १३२ मांजरे आली. व्हिटनी व मेहलहाफ या पशुवैद्यांनी त्यांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध केला. उपचार झालेल्यांपैकी ९० टक्के मांजरे वाचली होती. त्याहून नवलाची गोष्ट अशी की, सुमारे सातव्या मजल्यापर्यंत उंचीबरोबर दुखापती वाढत गेल्या आणि त्यापुढे अस्थिभंगांचे प्रमाण चक्क घटले! पडण्याचा वेग वाढायचा थांबला की मांजर अंग सैल सोडते, पाय पसरते आणि धक्का सर्वांगावर वाटला जातो, असे त्याचे स्पष्टीकरणही देण्यात आले.

स्पष्टीकरण मोहक आहे. परंतु दवाखान्यात आली ती मांजरे कोणती? दहाव्या मजल्यावरून पडून जागीच मेलेले मांजर कोणी डॉक्टरांकडे नेत नाही. दुसऱ्या मजल्यावरून पडून अंग झटकून चालू लागलेलेही नेत नाही. म्हणजे खालच्या मजल्यांवरची फक्त जखमी मांजरे केसपेपरवर येतात आणि वरच्या मजल्यांवरची फक्त वाचलेली. अशा नोंदींतून ‘उंची वाढली की धोका कमी’ असे भासले, तर दोष मोजणीचा नव्हे, आराखड्याचा. मांजरांची संख्या दसपट केली तरी तो जाणार नाही. क्रोएशियातील झाग्रेब येथील ११९ मांजरांच्या अभ्यासात (२००४) सातव्या मजल्यापासून पुढे इजा अधिक गंभीर आढळल्या, हेही येथे नमूद केले पाहिजे.

मग करावे काय? चिठ्ठ्या टाकून मांजरे मजल्यांवरून सोडणे कोणालाही मान्य होणार नाही. उंच इमारतींतील पाळीव मांजरांची आधीच नोंद करून त्यांचा मागोवा घेता येईल. पण पडण्याचे प्रसंग विरळ, त्यामुळे हजारो मांजरे आणि कित्येक वर्षे लागतील. मला वाटते, आधी प्रश्न कोणाचा आहे ते पाहावे. समोर आणलेले मांजर वाचेल का, हा डॉक्टरांचा प्रश्न असेल, तर दवाखान्याचे केसपेपर अगदी योग्य साधन आहे. गॅलरीला जाळी लावावी का, हा मालकाचा प्रश्न असेल, तर तेच केसपेपर त्याची दिशाभूल करतील आणि त्याची किंमत मांजर मोजेल.

याउलट, मेलेल्यांनाच नीट मोजल्याचे उदाहरण गिधाडांचे आहे. पाकिस्तानातील गिधाडांच्या मृत्यूंचा शोध घेणाऱ्यांनी मृत गिधाडांचे दोन गट पाडले. अंतर्गत अवयवांवर युरिक आम्ल साचलेल्या २५ पैकी २५ गिधाडांत डायक्लोफिनॅक सापडले; इतर कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकातही नाही. गुरांना दिले जाणारे हे वेदनाशामक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते. एवढ्यावर न थांबता मोजक्या गिधाडांना ते औषध व औषध दिलेल्या जनावरांचे मांस देऊन पडताळा घेतला गेला. हे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले आणि २००६ साली भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली.